बेल्ट ओरडतोय, पण दुखणं बहुधा दुसरीकडं

दादा, तुमचा प्रश्न असा: २००८ ची सँट्रो, पावसाळी सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर चींऽ करून ओरडते, मग गप्प. एसी लावला की परत तेच. मेस्त्री म्हणतो, सगळे बेल्ट आणि आल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बदलू.

आल्टरनेटरला एवढ्यात हात लावू देऊ नका. रात्रभर उभ्या गाडीला स्टार्टर मारला की बॅटरी खाली येते आणि ती भरून काढायला आल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो. त्यात पुलीवर दमट हवेचा ओलावा. बेल्ट सैल असेल तर नेमका तिथंच घसरतो. एसीच्या वेळी ओरडणारा बेल्ट मात्र वेगळा असू शकतो, कारण जुन्या गाड्यांत एकच लांब बेल्ट नसून दोन-तीन सुटे असतात. एसी बंद ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर फुल्ल लावा. तेवढ्यानं ओरडली तर आल्टरनेटरचा बेल्ट धरा. फक्त एसीवर ओरडत असेल तर एसीच्या कॉम्प्रेसरचा.

आता इस्त्रीला पाणी मारायची स्प्रेची बाटली घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, शर्टाच्या बाह्या वर, गळ्यात टॉवेल-मफलर काही नको आणि हात पंख्यापासून लांब. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारा. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. आवाज काही सेकंद बंद होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. असा तिरका चालणारा बेल्ट बहुतेक वेळा सलग ओरडत नाही, चिमणीसारखा चिक-चिक करतो. त्याला कितीही आवळून फरक पडत नाही.

मग इंजिन बंद करून बेल्ट नीट बघा. ‘भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला’ हे जुन्या निओप्रीनच्या बेल्टला लागू होतं. आताचे बेल्ट ईपीडीएम रबराचे, त्यांना भेगा न पडताच झीज होते. टॉर्च मारून खाच निरखा. व्ही आकाराची खाच घासून गोलसर झाली असेल तर पुलीची धार खाचेच्या तळाला टेकते, पाणी निघून जायला वाट राहत नाही आणि बेल्ट पाण्यावर तरंगल्यागत घसरतो. आपल्याकडं जुलैत हा आवाज वाढतो त्याचं एक कारण हेच. कडेनं काचेसारखी चकाकी आली असेल, तरी बेल्ट गेलाच समजा.

बेल्ट तेलकट आणि बोटाला मऊ लागला तर आधी इंजिनच्या वरच्या कव्हरचं पॅकिंग बघा. तिथून तेल ठिबकत असेल तर नवा बेल्टही तसाच फुगणार. आणि साबणाची वडी घासणं, आवाज दाबायचा विकतचा स्प्रे मारणं असले उपाय करू नका. आवाज चार दिवस दबतो, दोष तिथंच राहतो.

चीं नसून घरघर असेल तर बेअरिंग. बेल्ट काढून प्रत्येक पुली हातानं फिरवा. खरखर लागली किंवा पुली हलली की दोषी सापडला. बेल्टविना इंजिन चालवून ऐकायचं तर अर्धा मिनिट, जास्त नाही, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असला तर पाणी फिरत नाही. आल्टरनेटरचं नुसतं बेअरिंग गेलं असेल तर कोल्हापुरात उद्यमनगरात तेवढंच बदलून मिळतं, अख्खा आल्टरनेटर कशाला?

ताण देताना ‘जरा जास्तच आवळ’ म्हणू नका, त्यानंच बेअरिंग खराब होतात. नवा बेल्ट काहीशे किलोमीटरनंतर परत तपासायला लावा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या आतल्या व्हॉल्व्हचा मेळ राखणारा, हा निराळा विषय. तो कव्हरच्या आत असतो आणि तुटण्याआधी असा ओरडत नाही, म्हणून आवाजाची वाट न बघता मॅन्युअलमधल्या किलोमीटर-वर्षांवर बदलायचा. कधी बदलला ते माहीत नसेल तर आत्ताच बदला, तिथं पैसे वाचवू नका.

हे सगळं होईपर्यंत गगनबावड्याच्या घाटाकडं गाडी नेऊ नका. नेलीच आणि घाटात बॅटरीचा लाल दिवा लागून तापमानाचा काटा चढायला लागला, तर बेल्ट तुटलाय. पुढच्या गावापर्यंत रेटू नका, जागा बघून तिथंच इंजिन बंद करा.