वाचकांचे प्रश्न : तलावाच्या पाळीलगत डिस्क गोल्फ

प्रश्न : आमच्या गावात मामा तलावाच्या पाळीलगत ग्रामपंचायतीची बाग आहे. कडुनिंब, करंज आणि दोन-चार जुने मोह सोडले तर जागा मोकळी आहे. एका बाजूस तलाव आणि दुसऱ्या बाजूस धानाच्या बांध्या आहेत. माझ्या भाच्याने अमेरिकेहून डिस्क गोल्फच्या, म्हणजे थाळीसारखी चकती फेकत कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत नेण्याच्या खेळाच्या, काही डिस्क पाठवल्या असून सहावी ते आठवीच्या मुलांना हा खेळ शिकवावा अशी माझी इच्छा आहे. मात्र मुलांनी कितीही सरळ नेम धरला तरी डिस्क शेवटी डावीकडेच जाते. लक्ष्य म्हणून लावायच्या साखळ्यांच्या तयार बास्केट आम्हांला परवडणार नाहीत. बागेत सोपे मैदान कसे आखावे?
— एक शिक्षिका, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : आधी डावीकडे वळण्याविषयी लिहितो, कारण मैदानाची आखणीही बरीचशी त्यावरच ठरते. उजव्या हाताने छातीसमोरून आडवी ओढून फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते. तिचा वेग मंदावू लागला की हवेचा दाब तिची पुढची कड वर उचलू पाहतो; पण फिरत्या वस्तूवर अशा जोराचा परिणाम त्याच जागी न होता पाव फेरा पुढे होतो, आणि म्हणून डिस्क वर न उचलली जाता डावीकडे कलते. यात मुलांची काहीच चूक नाही. डावखुऱ्या मुलांची डिस्क तितक्याच नेमाने उजवीकडे जाईल. आपण मुलांना नेम लक्ष्याच्या थोडा उजवीकडे धरायला सांगावा आणि शेवटचे वळण डिस्कवर सोडावे.

डिस्क हातातून सुटताच वर चढून थबकत असेल आणि मग डावीकडे कोसळत असेल, तर मात्र फेक सुधारावी लागेल. अशा वेळी बहुधा सुटतानाच पुढची कड वर झालेली असते. अंगठा डिस्कच्या वर सपाट टेकवावा, चारही बोटे खालून कडेच्या आत दुमडावीत, मनगट किंचित खाली झुकलेले ठेवावे आणि डिस्क छातीजवळून एका सरळ रेषेत ओढावी. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या थाळीफेकीप्रमाणे हात लांब करून गिरकी घेण्याची सवय येथे उपयोगाची नाही. ओला टॉवेल झटकताना जसा सगळा जोर अखेरच्या क्षणी मनगटात येतो, तसाच तो येथे यावा.

डिस्कवर छापलेले चार आकडेही पाहून घ्यावेत. ते अनुक्रमे वेग, तरंगण्याची क्षमता, सुरुवातीचे वळण आणि शेवटचे वळण दाखवतात. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर तो जवळच्या फेकीचा पटर, ४ किंवा ५ असेल तर मधल्या पल्ल्याचा मिडरेंज, आणि १० च्या पुढे असेल तर लांब पल्ल्याचा ड्रायव्हर समजावा. ड्रायव्हरला नीट उडण्यासाठी जो वेग लागतो तो मुलांच्याच काय, नवख्या मोठ्या माणसांच्या हातातूनही निघत नाही, आणि त्यामुळे तो लवकरच डावीकडे पडतो. माझा आग्रह असा की सुरुवातीचे काही महिने ड्रायव्हर कपाटातच राहू द्यावेत आणि मुलांना केवळ पटर व मिडरेंज द्यावेत. १५० ते १६५ ग्रॅम वजनाच्या डिस्क असतील तर अधिक चांगले.

आता आखणी. तलाव फेकणाऱ्याच्या उजव्या हाताला येईल अशा दिशेने होल, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचे टप्पे, आखावेत, म्हणजे बहुतेक डिस्क वळून पाण्यापासून दूर जातील. तरीही नवख्या खेळाडूच्या हातातून डिस्क उशिरा सुटली तर ती थेट उजवीकडे जाते, आणि वर्गात डावखुरी मुलेही असणारच, म्हणून पाण्याच्या बाजूस मोकळी पट्टी भरपूर राखावी. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. प्रत्येक होलचे अंतर पस्तीस ते पन्नास मीटर पुरे. मुलांना तीन फेकींत होल पूर्ण करता आला तर त्यांना खेळाची गोडी लागते. लांबच लांब होल आखले तर दोन दिवसांत बाग ओस पडेल. नऊ होल बसत नसतील तर सहाच करावेत. एका होलची टी, म्हणजे पहिली फेक करण्याची जागा, दुसऱ्या होलच्या माऱ्यात येऊ देऊ नये. पाळीवर सकाळ-संध्याकाळ फिरणारे लोक, बाकांवर बसणारी वडीलधारी मंडळी आणि चरायला निघालेली गुरे यांच्या वाटेवरून एकही फेक जाता कामा नये, कारण बाग पहिल्यांदा त्यांची आहे. समोर कोणी असेल तर थांबायचे, हा नियम मुलांना गुण मोजण्याआधी शिकवावा.

बास्केट नसल्याची खंत बाळगू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली एड हेड्रिक यांनी या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, तेव्हा तेथेही लक्ष्य म्हणून खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांनी त्यानंतर तयार केली. आपणही बांबू रोवून त्यावर रंगाचा पट्टा ओढावा आणि डिस्क पट्ट्याला लागली की होल पूर्ण झाला असे मानावे. पुढे गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एखादी बास्केट करून घेता येईल. खालच्या टोपलीची कड जमिनीपासून सुमारे ८२ सेंटिमीटर उंच ठेवावी आणि वरच्या कड्याला गुरे बांधायच्या साखळीचे तुकडे लटकवावेत. साखळ्या आदळणाऱ्या डिस्कचा वेग मारतात आणि ती टोपलीत पडते.

नियम थोडेच आहेत. डिस्क जेथे थांबली तेथे खूण करून तिच्या मागून पुढची फेक करायची. लक्ष्यापासून जो सर्वांत दूर असेल त्याने आधी फेकायचे. लक्ष्य दहा मीटरच्या आत आले की फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय खुणेच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. तलाव आणि बांध्या हद्दीबाहेर धराव्यात व डिस्क तेथे गेल्यास एक फेक दंड मोजावा. धुऱ्यापलीकडची डिस्क आणण्यासाठी मुलांनी उभ्या धानात शिरू नये. आधी शेतकऱ्याला विचारावे. पावसाळ्यात उंच गवतात हात न घालता काठीने चाचपावे, सापांची भीती असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील ऊन पाहता सकाळी आठच्या आत खेळ आटोपावा.

प्रश्न : दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या फ्रिस्बीने डिस्क गोल्फ खेळता येईल का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पट्टा मारलेल्या खांबावर नेम धरायला अवश्य येईल, आणि लहान मुलांसाठी तीच बरी. फ्रिस्बी रुंद व गोल कडेची असल्याने हवेत रेंगाळते, परंतु जरा वारा सुटला की भरकटते. डिस्क गोल्फची डिस्क आकाराने लहान, वजनाला भरीव आणि कडेला धारदार असते. म्हणूनच ती झेलण्यासाठी नाही. फ्रिस्बी झेलण्याची सवय झालेली मुले येणाऱ्या डिस्कला सहज हात घालतात आणि बोटांना चांगलाच मार बसतो, तेव्हा दोन्ही एकाच वेळी मुलांच्या हाती देऊ नयेत.