मुंबईत कला महाविद्यालयांच्या आवारातली प्रदर्शनं बाहेरच्या माणसाला बघता येतात का? चित्रातलं काही कळत नसेल तर जाऊन बघायचं काय?

हो, बघता येतात, आणि विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला सहसा तिकीट नसतं. तुम्ही लिहिलंय की नोकरी फोर्टात आहे, एकदा जहांगीर आर्ट गॅलरीत गेलात आणि कुणाशी काय बोलावं हे न सुचल्यामुळे दहा मिनिटांत बाहेर पडलात. मी परळच्या एका शाळेत १९ वर्षं चित्रकला शिकवतो आहे. तुम्ही सुरुवात कॉलेजच्या प्रदर्शनापासून करावी असं मला मनापासून वाटतं. तिथे काम भिंतीवर असतं आणि ते करणारं पोर शेजारी स्टुलावर बसलेलं असतं. कुणीतरी थांबावं, काहीतरी विचारावं म्हणून ते सकाळपासून वाट बघत असतं.

तुम्हाला सगळ्यात जवळचं म्हणजे सर जे.जे. कला महाविद्यालय. सीएसएमटीच्या सबवेतून टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीच्या बाजूला वर या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालायला लागा. अंजुमन-ए-इस्लाम शाळेची इमारत मागे पडली की डावीकडे जे.जे.चं आवार लागतं. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही शाळा. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वार्षिक प्रदर्शन साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान असतं. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. प्रदर्शन नसताना मात्र सहज आत फिरता येईल असं धरून जाऊ नका. शेवटी ते कॉलेज आहे, वर्ग चालू असतात.

आता खरा प्रश्न, बघायचं काय?

रेखा व रंगकला विभागात शिरलात की एकाच मॉडेलची पोर्ट्रेट्स शोधा. एखादे आजोबा, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांना मधे बसवून आठ-दहा मुलांनी गोल करून रंगवलेलं असतं. माणूस तोच, खिडकीतून येणारा उजेड तोच, दिलेला वेळ तोच. चित्रं मात्र दहा. एकाला नाकाच्या कडेची सावली निळसर दिसली, दुसऱ्याने ती तपकिरी केली. एकीने सगळा जीव डोळ्यांत ओतला आणि हात तसेच सोडून दिले. एकाला बाजूची जागा मिळाली, त्याला कानाखेरीज फारसं काही दिसत नव्हतं, तर त्याने कानच असा काही रंगवला की आपण बघत राहावं. या दहा चित्रांपुढे पंधरा मिनिटं उभे राहा. कुठलं जवळचं वाटतं ते ठरवा आणि का वाटतं ते स्वतःलाच सांगून बघा. ‘मला चित्रातलं कळत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी पालकांना मी इथे आणून उभं केलंय. पाचव्या मिनिटाला ते आपसात वाद घालायला लागतात. नावाजलेल्या गॅलरीत ही सोय नसते, कारण तिथे तोच आजोबा दहा वेळा टांगलेला नसतो.

बरेच लोक चित्रं बघून परत फिरतात, तसं करू नका. शिल्पकला, मातकाम, वस्त्रकला, धातुकाम हे विभाग बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. माझ्या मते नवख्या माणसाला शिल्पकलेच्या विभागात सगळ्यात जास्त हाती लागतं. तिथे काम कसं झालं ते विचारलं की उत्तर हाताने दाखवता येतं.

एका वर्षी मी आठवी-नववीची मुलं घेऊन गेलो होतो. त्यातल्या एकाचे वडील लालबागला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. एरवी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा. शिल्पकलेची एक विद्यार्थिनी समजावून सांगत होती: आधी लोखंडी सळी आणि तारेचं आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, त्यावर माती, मग मातीवर प्लास्टरचा साचा. प्लास्टरच्या पहिल्या थरात ती थोडा रंग मिसळते. साच्यात मूर्ती ओतून झाली की वरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा असतो. तो रंगीत थर दिसला की समजायचं, मूर्ती आता अगदी जवळ आली, हात हलका ठेव. हे ऐकून आमचा मुलगा पुढे सरकला आणि म्हणाला, “म्हणजे तुमचा साचा एकदाच चालतो? आमच्याकडे रबराचा असतो, एकातून किती तरी निघतात.” मग काथ्या कुठे घालायचा, हात वेगळे ओतून मागून कसे जोडतात, शाडूला तडा का जातो, सगळं त्याने तिला सांगितलं. तिने वही काढून लिहून घेतलं. अर्धा तास दोघं बोलत होती, बाकीची मुलं भोवती उभी. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलाला प्रदर्शनात ‘याचा अर्थ काय’ असं विचारायला सांगत नाही. ‘हे कसं केलंत’ एवढंच विचारा. तुम्हीही तेच विचारा. अर्थ सांगताना विद्यार्थी अवघडतात, पाठ केलेलं बोलतात. कसं केलं हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा उजळतो, आणि अर्थही त्यातूनच हळूहळू बाहेर येतो.

जे.जे.शिवाय प्रभादेवीला रचना संसद ही कलाशिक्षण संस्था आहे, तिथल्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. पवईला आयआयटीच्या आवारात १९६९ पासून आयडीसी ही डिझाइनची शाळा आहे. पदवीच्या कामांचं प्रदर्शन असेल तेव्हा जाऊन या. तिथे चित्रांपेक्षा वस्तू, अॅनिमेशन आणि अक्षरं जास्त दिसतील. विंडोजवरचा मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी तिथे शिकवायचे. आपण रोज ज्या लिपीत टाइप करतो तिच्या वळणांवर कुणीतरी वर्षानुवर्षं विचार केलाय हे समजलं, की अक्षरांकडे बघायची नजरच बदलते.

आणखी एक जागा सांगतो, जिथे प्रदर्शन भरवावं लागत नाही. कुलाब्याच्या टोकाला असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर. ती उभारणारे शास्त्रज्ञ होमी भाभा स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी संस्थेसाठी हुसेन, गायतोंडे, आरा अशा चित्रकारांची चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली, तीही त्यांची नावं आजच्याइतकी मोठी नसताना. हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र तिथेच आहे. शास्त्रज्ञ कामावर जाता-येता ही चित्रं बघतात! मात्र तिथे आधी परवानगी लागते, नुसतं फाटकावर जाऊन उपयोग नाही.

जाताना एवढं सांभाळा. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत विद्यार्थी पाहुण्यांच्या मागे असतात. मधल्या वारी, दुपारी जा. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत एक विभाग नीट बघून होईल, बाकीचे दुसऱ्या दिवशी. फोटो काढण्याआधी विचारा. एखादं लहान काम आवडलं तर विकायचं आहे का हेही मोकळेपणाने विचारा. पहिलं काम विकलं गेलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिलाय. परवडत नसेल तर वहीत अभिप्राय लिहा. ‘छान’ एवढंच न लिहिता कुठल्या चित्रातलं काय आवडलं ते लिहा. मुलं त्या वह्या रात्री बसून वाचतात.

आणि घरी जाताना स्टेशनात घाईने शिरू नका. रस्त्याच्या अलीकडे थांबून सीएसएमटीकडे वर बघा. दगडातली ती पानं, फुलं, प्राणी-पक्षी, यातलं बरंचसं नक्षीकाम जे.जे.च्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. १८८८ साली इमारत पुरी झाली तेव्हापासून ते तिथेच आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन थेट त्यावर पडतं, तेव्हा मोराचा पिसारा नीट दिसतो.