“स्वयंपाकाचाच कंटाळा, त्यात हे पथ्य!”

“मॅडम, मला मुळातच स्वयंपाकाची आवड नाही. कसंबसं दोन वेळचं उरकते. आता ह्यांचं पथ्य सुरू झालंय, ते माझ्यानं होईना.”

लातुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य गेल्या वर्षभरात किती जणींनी म्हटलं, मोजलं नाही. कुणाच्या नवऱ्याची साखर वाढलेली, कुणाच्या सासऱ्यांना झटका येऊन गेलेला, एकीचा स्वतःचाच बीपी. सुरुवात वेगवेगळी असते, पण अर्ध्या तासानं प्रश्न त्याच जागी येतो: “मी आळशी आहे का? की मला घरच्यांची काळजीच नाही?”

त्यांतल्या एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई 44 वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.6 टक्के निघाली आणि दवाखान्यातून आहाराचा एक छापील कागद मिळाला. पहिल्याच भेटीत त्यांनी तो पर्समधून काढून माझ्यापुढे ठेवला. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, रात्री ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. त्यांच्या घरात रोज शिजणारा एकही पदार्थ त्यात नव्हता. तरी ताईंनी अकरा दिवस नेटानं सगळं केलं. नवऱ्याचं वेगळं ताट, बाकीच्यांचा नेहमीचा स्वयंपाक, वर शाळा. बाराव्या दिवशी कंटाळून त्यांनी सगळ्यांनाच कमी तेलाची दोडक्याची भाजी वाढली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, तेलाचा डबा आणला आणि स्वतःच्या नि आपल्या मुलाच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, भाजीवर धार सोडली.

“त्या दिवसापासून गॅससमोर उभं राहावंसंच वाटत नाही,” ताई म्हणाल्या.

मी विचारलं, “भाजी चिरायचा, फोडणी द्यायचा कंटाळा येतो, की ताट वाढल्यावरचा क्षण नकोसा होतो?”

बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “ताट वाढलं की माझ्या पोटात गोळा येतो. कोण काय म्हणेल म्हणून. वीस वर्षं झाली, रोज दोनदा.”

ज्याला आपण कंटाळा म्हणतो, त्यात असा गोळा फार वेळा लपलेला असतो, हे मी या कामात शिकले. वर्गात मुलांना गुण देणाऱ्या या बाई घरी दिवसातून दोनदा परीक्षेला बसत होत्या. अशा बाईला नवी पाककृती देणं म्हणजे आणखी एक पेपर हातात देणं. म्हणून पहिल्या तीन भेटींत मी त्यांच्याशी पदार्थांबद्दल एक अक्षर बोलले नाही.

माझा कल पहिल्यापासून घराकडे एकत्र बघण्याचा आहे. समोर एकच माणूस बसलेलं असलं तरी त्याच्या तक्रारीला घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. चौथ्या भेटीला सासूबाईंना घेऊन या, असं मी सुचवलं. ताईंना ते अजिबात पटलं नव्हतं. तरी त्या घेऊन आल्या.

सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. “मला काय झालंय? मला कशाला बोलावलं?”

तेलाचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, “तुम्ही लहान असताना घरात भाकरीबरोबर कोरड्यास कशाचं असायचं?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोरड्यास कशाचं आलंय, बाई. बहात्तरच्या दुष्काळात म्या चौदा वर्साची. मायसंगं खडी फोडायला जायची. लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकर घशाखाली उतरत नव्हती. रानातली घोळ, तांदुळजा, जे घावंल ते शिजवायचं. तेल म्हंजे माय त्यात बोट बुडवून चार थेंब टाकायची. लग्न झालं, मालक नोकरीला लागले, तवा पहिल्यांदा माझ्या घरातल्या कालवणावर तर्री बघितली. तवाच ठरवलं, माझ्या लेकराच्या ताटात तर्रीबिगर कालवण येणार न्हाई.”

खोलीत कुणी बोललं नाही. ताई सासूबाईंकडे अशा बघत होत्या, जणू बाई आजच भेटल्या. वीस वर्षं एका छताखाली राहून हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“आत्याबाई, मला वाटायचं माझ्या हाताला चव नाही, म्हणून तुम्ही वरून तेल घेता.”

“तुझ्या हाताला काय झालंय ग?” सासूबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. “भूक भागल्यावानी वाटत न्हाई मला, तर्री दिसल्याबिगर.”

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही. पथ्य म्हटलं की भाकरी, पालेभाजी, कमी तेल. सासूबाईंच्या कानाला ती दुष्काळाची यादी ऐकू येते. आपल्या मराठवाड्यात अशी किती घरं आहेत! एका पिढीत ती भाकरीवरून चपातीवर आणि घोळीवरून पनीरवर आली, आणि त्या चपातीत, त्या तर्रीत घराची प्रतिष्ठा साठली. ‘आजपासून तेल बंद’ म्हणणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा खडी फोडायला पाठवणं. हा धागा दिसला याचं समाधान मला आजही आहे. तो कुठल्या आहारतक्त्यात सापडला नसता.

त्यानंतर काम भराभर पुढे गेलं. तर्री दिसली पाहिजे ही सासूबाईंची अट आम्ही मान्यच केली. चौघांच्या रश्शाला पूर्वी जवळजवळ अर्धी वाटी तेल लागायचं. आता फोडणी दोन चमच्यांची. दाटपणासाठी येसर, कारण त्यात भाजलेलं धान्य आणि डाळ असते, रस्सा अंगचाच मिळून येतो. अगदी शेवटी एक चमचा तेल गरम करून त्यात लाल तिखट घालायचं आणि वरून सोडायचं. रंग वर तरंगतो, ताट भरलेलं दिसतं. येसर करून ठेवायचं काम सासूबाईंनी स्वतःहून अंगावर घेतलं.

ताईंसारख्या इतर जणींना मी जे सांगते, तेही इथेच लिहिते.

पथ्याचं वेगळं ताट करू नका. त्यानं तुमचं काम दुप्पट होतं आणि ज्याचं पथ्य आहे त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. सगळ्यांना तेच जेवण, त्याच भांड्यातलं. सुरुवात एकाच जेवणापासून करा. ताईंनी रात्रीचं निवडलं, सकाळी शाळेची घाई असते म्हणून. ज्वारीच्या भाकरीला औषध समजू नका. तिच्यातही पिष्ट आहे, चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, असं बसवता येतं. भाकरी मोडत असेल तर स्वतःला बोल लावण्याआधी पीठ बघा. जुनं पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, ते कुणाच्याच हाताला दाद देत नाही. आठवड्यापुरतंच दळा आणि कढत पाण्यात मळा.

मीठ एकदम काढू नका, हळूहळू उतरवा. काही आठवड्यांत जीभ सरावते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ म्हणते, आणि त्यात लोणचं-पापडातलंही धरायचं. साखर उतरवायच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना जेवण मनानं एकदम कमी करू नका. साखर फार उतरली तर घाम, थरथर, चक्कर येते. किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि कामं वाटा. हे मी आग्रहानं सांगते. ज्याच्यासाठी पथ्य चाललंय, त्यानं निदान पालेभाजी निवडावी. ताईंचे यजमान आता गंजगोलाईच्या बाजारातून चुका, शेपू, अंबाडी आणतात आणि टीव्हीसमोर बसून निवडतात. जवसाची चटणी मुलगा कुटतो, अभ्यासातून तेवढीच सुट्टी म्हणून.

तेल मोजायला आम्ही चमचे मोजत बसलो नाही, डबा मोजला. घरात महिन्याला 5 लिटरचा डबा लागायचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे चौघांत माणशी रोज 38 ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला 20 ते 30 ग्रॅम पुष्कळ झालं. डब्यावर उघडल्याची तारीख लिहायची, एवढंच ठरलं. करडईचं असो की शेंगदाण्याचं, हिशेब हाच.

सहाव्या भेटीत ताई म्हणाल्या, “मॅडम, स्वयंपाक मला अजूनही आवडत नाही.”

“नसू दे,” मी म्हटलं. “पोटातला गोळा?”

“तो येत नाही आता.”

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. एक तारखेला उघडलेला डबा पुढच्या महिन्याच्या बारा तारखेपर्यंत पुरला होता. फोन कानाला धरूनच मी कागदावर मांडलं: 42 दिवस, माणशी 27 ग्रॅम. मी आकडा सांगत होते तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, “सांग मॅडमला, तर्री हाय अजून.”