रात्री डोंगरात बंदुकीचे बार वाजतात, पोलीस म्हणतात ‘वनखात्याला सांगा’. पोलिसांना खरंच अधिकार नाही का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या गावामागे रात्री दोनच्या सुमारास बार वाजतात, बॅटऱ्या फिरताना दिसतात आणि आलेले पोलीस ‘हे वनखात्याचं काम’ म्हणून परत जातात, असं तुम्ही लिहिलंय. पोलिसांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ५० प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा पोलीस अधिकारी गाडी अडवू शकतो, झडती घेऊ शकतो, मांस आणि हत्यार जप्त करू शकतो, वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. मात्र कलम ५५ मुळे शिकारीच्या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या आरोपपत्रावर घेत नाही, त्यासाठी सहसा अधिकृत वनाधिकाऱ्याची तक्रार लागते. म्हणून पोलीस प्रकरण वनखात्याकडे सोपवतात, आणि बहुतेक प्रकरणं या सोपवासोपवीतच हरवतात.

बंदुकीचं तसं नाही. विनापरवाना बंदूक हा शस्त्र कायद्याखालचा, थेट पोलिसांचा गुन्हा आहे. परवाना शेतराखणीचा असला तरी त्यावर रानडुक्कर मारायची मुभा मिळत नाही. त्यामुळे ११२ वर फोन कराल तेव्हा ‘शिकार चाललीय’ एवढंच सांगू नका. ‘गोळीबार होतोय, माणसांकडे बंदुका आहेत’ हे आधी सांगा. मग किती बार ऐकले, किती वाजता, कुठल्या दिशेने, गाडी कुठे उभी आहे आणि तिचा नंबर. जागा सांगताना वाडा, जवळचं देऊळ, विजेच्या खांबाचा नंबर, जमल्यास फोनवरचं लोकेशन द्या. त्याच मिनिटाला वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयालाही कळवा. दोन्हीकडे कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

बार फटाक्याचा की बंदुकीचा, हे ते विचारणारच. डुकरं हाकलायला लोक फटाके लावतात, ते सहसा शेताच्या बांधावर, एकाच जागी वाजतात. एक-दोन बार, मग शांतता, मग सरकणारे उजेड आणि थोड्या वेळाने गाडी चालू झाल्याचा आवाज, हा क्रम ऐकू आला तर शिकारीची शंका धरा.

सायरन लावून डोंगराकडे आलेली जीप क्वचितच कोणाला पकडते, कारण डांबरी रस्त्यावर शिकाऱ्यांचा एक माणूस फोन घेऊन बसलेला असतो. उजेड बंद करून बाहेर पडायच्या वाटा अडवणं हाच उपाय. मांस शेवटी गाडीनेच खाली येतं. गावात अशा वाटा दोन-तीनच असतात, त्या फोनवर सांगा. स्वतः मात्र रानात शिरू नका. अंधारात हालचालीवर गोळी झाडणाऱ्यांसमोर तुम्ही आणि भेकर यांत फरक नसतो.

पकडल्यानंतरचं काम जास्त नाजूक. जप्तीचं चित्रीकरण आता नव्या फौजदारी संहितेनुसार बंधनकारक आहे. पंच गावातलेच असले तर पुढे फिरतात, म्हणून बाहेरचे घेणं बरं. मांसाचे नमुने शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात. फॉर्मेलिनमध्ये टाकले की डीएनए खराब होतो, मग ‘हे बकऱ्याचं मटण आहे’ हा बचाव खोडता येत नाही. केस आणि चामडं वाळवून कागदी पाकिटात ठेवतात. बंदूक वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते. आणखी एक मुद्दा: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, पण अधिकृत सहायक वनसंरक्षकाने कलम ५० (८) खाली, आरोपीच्या समक्ष नोंदवलेली साक्ष पुढच्या खटल्यात चालते. म्हणूनच वनाधिकारी पहिल्या तासात पोहोचणं इतकं महत्त्वाचं.

फासकी (जनावर अडकवायला लावलेला फास) किंवा विजेची तार दिसली तर हात लावू नका, दुरून फोटो काढून कळवा. डुकरासाठी लावलेल्या फासक्यांत गोव्यात बिबटे अडकून मेले आहेत, आणि जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे विषाने गेले. अभयारण्याच्या आत शिकार झाली तर शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे, त्यामुळे जागा हद्दीच्या आत होती की बाहेर, हे पंचनाम्यात नेमकं नोंदलं पाहिजे.

नाव गुप्त ठेवायला सांगा, ते मागायचा तुम्हाला अधिकार आहे. बंदुकीचा गुन्हा नोंदवायला ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शिकारीच्या गुन्ह्यासाठी तर ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो.