शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्याकडे कुठलंही सरकारी पद नाही, तरी इराकमध्ये त्यांचं एवढं वजन कसं?

पद नाही म्हणूनच, असं मी म्हणेन. 2022 पर्यंत सत्तेत माणसं त्यांची असायची, पण कारभार बिघडला की हे हात झटकून रस्त्यावर उतरायला मोकळे!

मूळ पुण्याई वडिलांची. आयातुल्ला मोहम्मद सादिक अल-सद्र यांनी सद्दामच्या काळात गरीब शियांमध्ये संघटन उभं केलं. 1999 मध्ये नजफला त्यांची दोन मुलांसह हत्या झाली. सद्दाम गेल्यावर बगदादमधल्या 'सद्दाम सिटी' या दाटीवाटीच्या गरीब वस्तीचं नाव 'सद्र सिटी' झालं. आजही मुख्य बळ तिथलंच. मुक्तदांची धार्मिक पदवी काही फार वरची नाही. त्या बाबतीत इराकचे ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी कितीतरी वरचे. पण गर्दी मुक्तदांची.

2003 नंतर त्यांची सशस्त्र संघटना, महदी सेना, अमेरिकी फौजांशी लढली. 2018 मध्ये मात्र याच मौलवींनी चक्क कम्युनिस्टांशी युती करून सर्वाधिक जागा मिळवल्या. 2021 मध्ये 329 पैकी 73 जागा, पुन्हा पहिला नंबर. सरकार जमेना, तर जून 2022 मध्ये सगळ्या खासदारांना राजीनामे द्यायला लावले. त्या जागा आयत्या विरोधकांच्या पदरात पडल्या. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात महागडी खेळी.

ताकद बघायची तर 30 ऑगस्ट 2022 बघा. आदल्या दिवशी त्यांनी राजकारणसंन्यास जाहीर केला आणि बगदादच्या ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी कार्यालयांच्या कडेकोट बंदोबस्तातल्या भागात, गोळीबार पेटला. मग टीव्हीवर येऊन त्यांनी समर्थकांना तासाभराची मुदत दिली. बंदूकधारी निमूटपणे घरी निघाले.