प्रश्नोत्तरे : लास व्हेगसमध्ये ‘फुकट’ कितीला पडतं?

मार्च-एप्रिल आला की मुला-मुलींकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांची माझ्यासारख्या सहली आखून देणाऱ्याकडे पत्रं यायला लागतात. ‘एवढं लांब जाताय तर दोन दिवस व्हेगसही करून या’ असं कुणीतरी सुचवलेलं असतं. मग तेच तेच प्रश्न येतात. जेवण स्वस्त असतं ना? शो फुकट असतात ना? त्यातले काही इथे घेतले आहेत. बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

भावाने मेसेज पाठवलाय की व्हेगसला दहा डॉलरमध्ये पोटभर बुफे मिळतो आणि मिराज हॉटेलचा ज्वालामुखी फुकट बघायला मिळतो. बुफे नेमका कुठे आहे? (सांगली)

मिराज १७ जुलै २०२४ ला बंद झालं, ज्वालामुखीही गेला. यावरून मेसेज किती शिळा आहे ते कळावं.

स्वस्त बुफेची गोष्ट एके काळी खरी होती. १९४० च्या दशकात ‘एल रांचो व्हेगस’मध्ये रात्री उशिरा एका डॉलरला जेवण मिळायचं. लोकांनी जेवायला बाहेर जाऊ नये, जुगाराच्या टेबलाजवळच राहावं, एवढाच त्यामागे हेतू. पुढे कित्येक वर्षं हॉटेलं तोटा सोसून बुफे चालवत राहिली. २०२० मध्ये साथीमुळे ते बंद झाले आणि त्यातले बरेचसे पुन्हा उघडलेच नाहीत. आज सीझर्स पॅलेसच्या ‘बकानाल’मध्ये रात्रीच्या जेवणाला माणशी ऐंशी डॉलरच्या आसपास मोजावे लागतात, वर कर आणि टिप. ती किंमत खेकडे, कोळंबी आणि मांसाची असते. शाकाहारी माणसाने सॅलड, पास्ता आणि गोडासाठी एवढे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मांसाहारी असाल आणि हौसच असेल, तर सकाळ-दुपारचा स्वस्त बुफे कुठे मिळतो ते बघा, एकदाच जा आणि त्या दिवशी दुसरं जेवण धरू नका. दर मात्र हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, त्याच आठवड्यात तपासा.

आम्ही मुलीकडे फ्रीमॉन्टलाच उतरणार आहोत. फ्रीमॉन्ट स्ट्रीटचा फुकट लाइट शो चालत जाऊन बघता येईल का? (नाशिक)

नाही. तुमची मुलगी राहते ते फ्रीमॉन्ट कॅलिफोर्नियात, तिथून व्हेगस गाडीने आठ-नऊ तास.

यजमानांना मधुमेह आहे, आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी. खोलीवरच थोडंफार करून खाल्लं तर पैसे वाचतील का? (डोंबिवली)

वाचतील, पण आधी खोली समजून घ्या. व्हेगसच्या पुष्कळ हॉटेलांत खोलीत किटली नसते, मायक्रोवेव्ह नसतो. खोलीत शिजवायला मनाई असते. इथून नेलेली २३० व्होल्टची किटली तिथल्या ११०-१२० व्होल्टवर पाणी तापवायला फार वेळ घेते, ती नेऊ नका. खोलीत छोटा फ्रिज दिसला तर तो बहुधा मिनीबार असतो. त्याच्या तळाशी सेन्सर असतात. बाटली उचलून ठरावीक वेळात जागेवर ठेवली नाही की ती विकली गेली, असं धरून बिलात पैसे चढतात. माझ्याकडच्या एका काकूंनी इन्सुलिनच्या पेनसाठी जागा करायला चार बाटल्या आणि चॉकलेटांचा डबा काढून टेबलावर ओळीने मांडला होता. एकाही वस्तूचं बूच उघडलं नव्हतं, तरी निघताना सगळ्याचे पैसे लागले. ते कमी करून घ्यायला काउंटरवर पाऊण तास गेला. म्हणून हॉटेलला आधीच लेखी कळवा की औषधासाठी रिकामा फ्रिज हवा. बरीच हॉटेलं तो देतात, पैसे लागतील का तेही तेव्हाच विचारून ठेवा.

मेथीचे ठेपले, दशम्या, भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या बरोबर असाव्यात. विमानतळावर कस्टम्सच्या लोकांना खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगायचंच, लपवायचं नाही. तांदूळ मात्र नेऊ नका. खापरा भुंगेऱ्याच्या, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या किड्याच्या, भीतीने भारतातून सामानात आणलेला तांदूळ ते काढून घेतात. मुलगा-सून गाडीने नेत असतील तर वाटेत किराणा दुकानातून पाणी, दही, फळं, ब्रेड घ्या. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, हॉटेलात पाण्याच्या एका बाटलीला जे पडतं, त्यात बाहेर अख्खं खोकं येतं.

बाहेर खाताना ‘व्हेजिटेरियन’ एवढा एक शब्द पुरत नाही. मेक्सिकन ठिकाणी राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासे असतात. प्रत्येक वेळी विचारा. अमेरिकेतल्या एका थाळीत आपल्या दोन माणसांचं होतं, तेव्हा एक मागवून जास्तीची रिकामी प्लेट घ्या. आणि जेवणाच्या वेळा बदलल्या की इन्सुलिनचा हिशेबही बदलतो. तो स्वतः करू नका, निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लोकांनी जागं राहून खेळावं म्हणून कॅसिनोत ऑक्सिजन सोडतात म्हणे. मला दमा आहे, त्रास होईल का? (सातारा)

ऑक्सिजन कुणी सोडत नाही, ही अफवा आहे. त्रास होऊ शकतो तो सिगारेटच्या धुराचा, कारण बहुतेक कॅसिनोंत धूम्रपानाला परवानगी आहे आणि खोलीकडे जायची वाट कॅसिनोतूनच असते. ‘पार्क एमजीएम’ हॉटेल धूरमुक्त आहे. इनहेलरबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

कॅसिनोत खेळणाऱ्याला मद्य फुकट मिळतं. मग थोडंसं खेळत बसलं तर संध्याकाळची करमणूक आणि पिणं दोन्ही स्वस्तात होत नाही का? (पुणे)

कागद घ्या. रुलेटच्या चाकावर १ ते ३६ आकडे, शिवाय शून्य आणि डबल शून्य, म्हणजे ३८ घरं. एका आकड्यावर जिंकलात तर मिळतात पस्तीस पट. या फरकातून प्रत्येक डॉलरमागे सरासरी सव्वापाच सेंट कॅसिनोकडे जातात. दहा डॉलरचा एक डाव, तासाला चाळीस डाव धरले तर चारशे डॉलर फिरले आणि सरासरी एकवीस डॉलर गेले. स्ट्रिपवर आता तीन शून्यांची चाकं सर्रास दिसतात, तिथे तेच एकतीस डॉलर होतात. तासाभरात पेले येतात एक किंवा दोन, आणि प्रत्येकाला किमान एक डॉलर टिप द्यावीच लागते. हे झालं सरासरीचं. प्यायलेला माणूस सरासरीवर थांबत नाही.

खेळायचंच असेल तर जेवढे गेले तरी चालतील तेवढे वेगळ्या पाकिटात न्या, कार्ड खोलीत ठेवा. खेळायला आणि प्यायला वय २१ पूर्ण हवं. मोठी रक्कम लागली तर परदेशी नागरिकांच्या स्लॉट मशीनवरच्या जिंकण्यातून ३० टक्के कर जागेवर कापला जातो, आणि इथे भारतातही तो विषय निघतो. परतल्यावर सीएला कागद दाखवा. आणि घरात कुणाला या खेळाची ओढ सुटत नसेल तर सहल दुसरीकडे काढा आणि समुपदेशकाला भेटा. हे मी मनापासून सांगतोय.

दोन नातवंडं बरोबर आहेत, वय ९ आणि १४. पैसे न भरता काय दाखवता येईल? (कोल्हापूर)

पुष्कळ. बेलाजिओ हॉटेलचं कारंजं दिवसा अर्ध्या तासाने आणि रात्री पंधरा मिनिटांनी नाचतं. रस्त्याच्या कठड्याला गर्दी असते, म्हणून दहा मिनिटं आधी पोचून मुलांना पुढे उभं करा. वारा तुमच्याकडचा असेल तर तुषार अंगावर येतात, मुलांना तेच जास्त आवडतं. मग त्याच हॉटेलात आत जाऊन फुलांची बाग बघा, ती ऋतूप्रमाणे बदलते. फ्लेमिंगो हॉटेलच्या मागच्या बागेत खरे फ्लेमिंगो पक्षी आहेत. सर्कस सर्कस हॉटेलात कसरतींचे खेळ फुकट असतात. स्फिअर या गोल सभागृहावरची चित्रं बाहेरून फुकट दिसतात, आतल्या कार्यक्रमाचं तिकीट महाग आहे. एक रात्र फ्रीमॉन्ट स्ट्रीटच्या छतावरच्या दिव्यांसाठी ठेवा.

मुलांनी कॅसिनोतून चालत जायला हरकत नाही, मशीनजवळ थांबू द्यायचं नाही. पिसं लावलेल्या मुली किंवा कार्टूनचे पोशाख घातलेली माणसं फोटोला बोलावतात, नंतर पैसे मागतात. आधीच नाही म्हणा. आणि नकाशावर शेजारी दिसणारी दोन हॉटेलं प्रत्यक्षात वीस मिनिटांवर असतात. मॅंडले बे ते एक्सकॅलिबर आणि पार्क एमजीएम ते बेलाजिओ अशा फुकट ट्राम आहेत, त्या वापरा. ७ जुलै २०२४ ला तिथे जवळजवळ ४९ अंश तापमान होतं. उन्हाळ्यात दुपारी आजी-आजोबांनी बाहेर पडू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उन्हाबद्दल डॉक्टरांना विचारा.

स्ट्रिपवर एका स्टॉलवाल्याने जावयाला दोन शोची तिकिटं आणि जेवण फुकट देऊ केलंय, फक्त ९० मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकायचं. घ्यावं का? (ठाणे, सध्या लॉस एंजेलिस)

घेऊ नका. सगळी उत्तरं विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा.

‘कुठून आलात? किती दिवस आहात? लग्न झालंय का?’ असं हसत विचारणारा माणूस हॉटेलचा मदतनीस नसतो. तो टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घराचा वर्षातल्या थोड्या दिवसांपुरता हक्क, विकणाऱ्यांकडे गिऱ्हाईक पाठवतो. आपल्याकडे मॉलमध्ये ‘लकी ड्रॉमध्ये नंबर लागलाय, जोडीने या’ म्हणतात, त्याच जातीचं हे काम. नवरा-बायको दोघं हवेत, क्रेडिट कार्ड हवं, तिथली कमाई हवी. म्हणून तुम्हाला सोडून जावयाला धरलं. वीस-चाळीस डॉलर अनामत घेतात, ती सोडवत नाही म्हणून माणूस जातोच. तिथून गाडीत बसवून दुसऱ्या इमारतीत नेतात, म्हणजे मनात आलं तरी उठून चालत परत येता येत नाही. नव्वद मिनिटांचे तीन-चार तास होतात. एक विक्रेता थकला की त्याचा साहेब येतो, मग ‘फक्त आजच्यापुरती’ किंमत खाली येते. मी व्हेगसच्या सहलीला पाठवलेलं एक जोडपं सकाळी दहाला गेलं ते दुपारी दोनला बाहेर आलं. आईवडील तोवर लॉबीत ताटकळत बसले होते, आईच्या गोळीची वेळ टळून गेली होती. मिळालेली तिकिटं कोपऱ्यातल्या खुर्च्यांची, मंगळवारची, आणि त्यांचं परतीचं विमान सोमवारी.

सही केली तर पुढचं जास्त वाईट. कर्जाचं व्याज चढं, शिवाय दरवर्षी देखभाल शुल्क. तुम्ही जा किंवा जाऊ नका, ते भरावं लागतं आणि वाढत जातं. पुन्हा विकायला गेलात तर बहुधा गिऱ्हाईक मिळत नाही. व्हिसावर असलेल्या, उद्या गाव बदलावं लागेल अशा मुलांनी हे ओझं का घ्यावं? शो बघायचाच असेल तर उरलेली तिकिटं सवलतीत विकणारे काउंटर आहेत. तुमचे चार तास धरले तर ते स्वस्त पडतात.

कुणी आधीच सही केली असेल तर आजच हालचाल करा. नेवाडात सही केल्यानंतर पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवून करार रद्द करता येतो. रद्द कसा करायचा ते करारात लिहिलेलं असतं, त्याच पद्धतीने पाठवा, पोच ठेवा. मित्रांना विचारत बसू नका, नेवाडातल्या वकिलाला विचारा. पाच दिवस उलटून गेल्यावर मला पत्रं येतात, तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

पुढच्या शुक्रवारी निघतोय. तीस डॉलरची खोली दिसतेय, घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

शुक्रवारची खोली आठवडा आधी बघायची नसते. मधल्या वारी निम्म्यात मिळाली असती. ती तीस डॉलरची नसणार. खोलीभाड्यावर हॉटेल सक्तीने लावतं ती रिसॉर्ट फी रोजची पस्तीस ते पंचावन्न डॉलर, वर कर, गाडी असेल तर पार्किंग. मे २०२५ पासून तिथे सक्तीची फी धरून किंमत दाखवणं बंधनकारक आहे, तरी कर आणि पार्किंग वेगळं असतं. शेवटच्या पानावरचा एकूण आकडा कागदावर लिहा, मग मला किंवा तुमच्या एजंटला फोन करा. त्याआधी पैसे भरू नका.

टिप द्यावीच लागते का? (जळगाव)

कायद्याने नाही, रिवाजाने हो. बसून जेवलात तर १८ ते २० टक्के. मोठ्या गटाच्या बिलात ती आधीच धरलेली असते, ती ओळ वाचा आणि दोनदा देऊ नका. ओळ कळली नाही तर सही करण्याआधी वेटरला विचारा.