वसंतात तिसरीच्या वर्गात मुलं नेमकं काय शिकतात?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी तिसरीत आहे, घरी आल्यावर "आज काय शिकलीस?" असं विचारलं की रोज "काही नाही" एवढंच म्हणते. वही उघडली तर रोपाचं एक चित्र आणि शेजारी आकडे. मग या दिवसांत वर्गात चाललंय तरी काय?

मी तिसरीला शिकवते, त्यामुळे वसंत सुरू झाल्यापासून आमच्या वर्गात काय झालं तेच सांगते. शाळेगणिक क्रम बदलतो, पुस्तकं बदलतात, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर या ऋतूत येणारे विषय साधारण हेच असतात: बी रुजणं, फुलपाखराचं जीवनचक्र, लांबी मोजणं, आलेख काढणं, अपूर्णांक, सावल्या, आणि या सगळ्याबद्दल चार ओळी लिहिणं. वेळापत्रकात हे विज्ञान, गणित आणि भाषा अशा तीन तासांत विभागलेलं असतं. मला मात्र तो एकच अभ्यास वाटतो. आपल्याला काय दिसलं आणि आपल्याला काय वाटलं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मुलं या वयात पहिल्यांदा शिकतात. ते शिकायला वसंतासारखा ऋतू नाही, कारण आजूबाजूला रोज काहीतरी बदलत असतं आणि तो बदल मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

तुमच्या मुलीच्या वहीतलं चित्र बहुतेक रुजणाऱ्या बियांचं असावं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद लावायचा आणि काच व कागद यांच्यामध्ये घेवड्याचं बी अडकवायचं. मातीत जे लपून घडतं ते इथे काचेतून दिसतं. बी लावण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: आधी काय बाहेर येईल? बहुतेक मुलं "पान" असं लिहितात. चित्रात अंकुर म्हटलं की दोन पानंच काढलेली असतात ना! प्रत्यक्षात बी पाणी पिऊन फुगतं, साल सुरकुतते, फाटते आणि सगळ्यांत आधी पांढरं मूळ बाहेर येतं. लिहिलेला अंदाज खोडायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. त्याच्याखाली तारीख घालून जे दिसलं ते लिहायचं. सुरुवातीला मुलांना हे फार जड जातं. चुकलेला अंदाज वहीत तसाच ठेवायचा म्हणजे चूक जपून ठेवायची, असं त्यांना वाटतं. हळूहळू मात्र तेच एकमेकांच्या वह्या पाहून "तुला काय वाटलं होतं?" असं विचारू लागतात.

एका मुलीने विचारलं, बी उलटं लावलं तर मूळ वर जाईल का? मग आम्ही बिया मुद्दाम वेगवेगळ्या दिशांना तोंड करून लावल्या. सगळी मुळं वळून खालीच गेली. एक बरणी नंतर आडवी करून ठेवली, तर वाढत्या मुळाचं टोक पुन्हा खाली वळलं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. ते गुरुत्वामुळे खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून रोपाला खालची दिशा कळते. तिसरीत हे कारण सांगितलंच पाहिजे असं नाही, पण कुणी विचारलं तर मी सांगते.

खरी गंमत अंधारातल्या बरणीने आणली. एक बरणी खिडकीत आणि एक बंद कपाटात, पाणी दोन्हींना सारखंच. अंधारात बी रुजणारच नाही, असा जवळजवळ सगळ्यांचा अंदाज होता. कपाट उघडलं तेव्हा आतलं रोप खिडकीतल्यापेक्षा उंच निघालं. मुलांनी मोजलं, तक्त्यात लिहिलं आणि निष्कर्ष काढला: रोपं अंधारात जास्त चांगली वाढतात.

अशा वेळी शिक्षकाला उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. तो आवरावा असं माझं ठाम मत आहे. मुलांनी आकड्यांवरून विचार केला होता आणि आकडे खरे होते. मी एवढंच विचारलं, "चांगली म्हणजे कशी?" वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग एकेक जण बोलू लागला. कपाटातलं रोप पिवळट आहे. खोड बारीक आहे. पानं इवलीशी आहेत. ते स्वतःच्या बळावर उभं राहत नाही. आपण फक्त उंची मोजली, बाकीचं मोजलंच नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. मग दुसरा तक्ता तयार झाला. त्यात रंग, खोडाची जाडी, पानाची रुंदी आणि "उभं राहतं का" असे रकाने होते. हे रकाने मुलांनी ठरवले होते. काय मोजायचं हे स्वतः ठरवणं ही माझ्या दृष्टीने संपूर्ण ऋतूतली सर्वांत मोठी गोष्ट होती.

त्यानंतर कारण सांगितलं तर ते पक्कं बसतं. बीच्या दोन जाड दलांत अन्न साठवलेलं असतं, म्हणून सुरुवातीला उजेड नसला तरी चालतं. अंधारातलं रोप तो साठा उजेड गाठण्यासाठी उंच होण्यात खर्च करतं. हिरवा रंग तयार व्हायला मात्र त्याला उजेडच लागतो, आणि साठा संपला की ते कोलमडतं. आमच्या कपाटातलंही कोलमडलं. घेवड्याची ही दलं खोडाबरोबर जमिनीच्या वर येतात आणि वाटाण्याची मातीतच राहतात. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहा, मुलं तासन्‌तास बघत बसतात.

मग कुणीतरी विचारतंच की एवढंसं बी एवढं मोठं होतं, तर ते वजन येतं कुठून? "मातीतून" हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. तिथे मी सतराव्या शतकातल्या हेल्मोंट नावाच्या शास्त्रज्ञाची हकिकत सांगते. या गृहस्थाने सुमारे २०० पौंड कोरडी माती कुंडीत घेऊन त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती फक्त २ औंसांच्या आसपास कमी झाली होती. त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळं वजन पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याचं मोजमाप नेटकं होतं, निष्कर्ष मात्र अपुरा ठरला, कारण झाड हवेतूनही कार्बन डायऑक्साइड घेतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या वर्गाला तो लगेच आपल्यातला वाटला. त्यानेही एक रकाना सोडला होता!

लांबी मोजण्याबद्दल पालकांना नेहमी सांगावंसं वाटतं की फूटपट्टी हे साधन दिसतं तितकं सोपं नाही. बरीच मुलं १ च्या खुणेपासून मोजायला सुरुवात करतात, कारण मोजणी एकपासून होते हे त्यांच्या मनात पक्कं असतं. काही जण पट्टीच्या कडेपासून मोजतात, शून्याची खूण कडेपासून जरा आत असली तरीही. मी सुरुवातीचा भाग तुटलेली पट्टी देते आणि तिनेच रोप मोजायला सांगते. ३ च्या खुणेपासून ८ च्या खुणेपर्यंत किती? ८ म्हणणारं मूल फक्त शेवटच्या खुणेवरचा आकडा वाचतंय आणि ५ म्हणणारं मूल खुणांमधलं अंतर मोजतंय. हा फरक कळला की वजाबाकीकडेही ते नव्याने पाहू लागतं.

मोजलेल्या उंचीचा आलेख काढायचा. आमच्या वर्गात एका गटाच्या स्तंभांमध्ये एक मोकळी जागा राहिली होती, कारण सुट्टीच्या दिवशी रोप मोजायला कुणीच नव्हतं. तिथे अंदाजाने स्तंभ काढावा की जागा रिकामी ठेवावी यावर मुलांमध्ये बराच वाद झाला. शेवटी जागा रिकामीच ठेवली आणि खाली लिहिलं, "मोजलं नाही". मला त्यांचा फार अभिमान वाटला.

अपूर्णांक हा या दिवसांतला सगळ्यांत अवघड विषय, आणि घरी "काही नाही" म्हणणारं मूल बहुधा यातच अडकलेलं असतं. १/३ मोठा की १/४? बहुतेक मुलं आधी १/४ म्हणतात, कारण ३ पेक्षा ४ मोठा. यात त्यांचा आळस नसतो. आतापर्यंत शिकलेला प्रत्येक नियम त्यांना हेच सांगत आलेला असतो. नियम पाठ करून घेतला की "छेद मोठा तर अपूर्णांक लहान" असं ती म्हणतात आणि मग ३/४ पेक्षा २/३ मोठा ठरवतात. त्यापेक्षा कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या द्याव्यात आणि घड्या घालायला लावाव्यात. अर्धा, पाव, अष्टमांश चटकन होतात, कारण प्रत्येक वेळी आधीची घडी दुमडायची असते. तीन सारखे भाग करायला मात्र खटपट करावी लागते, आणि त्या खटपटीतच "सारखे" या अटीचं महत्त्व हाताला कळतं. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की ३/४ आणि ६/८ एकाच जागी संपताना दिसतात.

यानंतर तीच पट्टी संख्यारेषेवर ठेवायची. इथे घाई करू नये. अपूर्णांक म्हणजे रंगवलेला तुकडा एवढीच कल्पना राहिली तर ५/४ मुलांना अशक्य वाटतो. पाचवा तुकडा आणायचा कुठून? रेषेवर मात्र १ च्या पुढे एक पाऊल टाकलं की ५/४ सापडतो. सव्वा हा शब्द मुलांच्या बोलण्यात आधीपासूनच असतो, आता त्याला रेषेवर जागा मिळते. रोपाची उंची साडेसात सेंटिमीटर लिहायची वेळ आली तेव्हा याच अपूर्णांकांचा उपयोग झाला आणि मुलांना तो कुणी सांगावा लागला नाही.

फुलपाखराबद्दल थोडक्यात सांगते. अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू हे चक्र मुलांना पुस्तकातून माहीत असतं. प्रत्यक्ष पाहताना नवं दिसतं ते निराळंच. अळी वाढताना कात टाकते, साधारण चार वेळा. फुलपाखरू कोशातून बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात आणि शरीरातला द्रव त्यांत शिरल्यावर ते पसरतात. काही जातींत त्याच सुमारास लालसर थेंब पडतात आणि मुलं "रक्त!" म्हणून घाबरतात. ते रक्त नसतं, कोशात असताना साठलेला टाकाऊ द्रव असतो. आमच्या वर्गात एका मुलाने वहीत "लाल पाणी दिसलं. मला रक्त वाटलं." अशी दोन वेगळी वाक्यं लिहिली. याहून चांगली नोंद मी मागितलीच नसती. किड्यांचा अभ्यास करणारी चित्रकार मारिया सिबिला मेरियन हिच्याबद्दलही मुलांना सांगावं. जन्म १६४७ चा, आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून ती रेशमाचे किडे पाळून त्यांचं निरीक्षण करत होती. चिखलातून किडे आपोआप जन्मतात असं तेव्हा अनेक जण मानत. तिने अळी, कोश, फुलपाखरू आणि ती अळी ज्या झाडावर जगते ते झाड, हे सगळं एकाच चित्रात दाखवलं.

सावलीचा प्रयोग सोपा आहे. मैदानात काठी रोवायची आणि ठरावीक वेळाने सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात तेव्हा, उत्तर गोलार्धातल्या वसंतात २० मार्चच्या आसपास, हे खडे जवळजवळ एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. सर्वांत लहान सावली घड्याळात बरोबर बारा वाजताच पडेल असंही नाही. मुलांना याचं फार आश्चर्य वाटतं.

आता घरी काय करता येईल ते सांगते. "आज काय शिकलीस?" हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला खरोखर अवघड असतो, कारण त्यासाठी अख्ख्या दिवसाचा सारांश काढावा लागतो. त्याऐवजी वही समोर ठेवून एखाद्या चित्रावर बोट ठेवा आणि विचारा: हे कुठल्या दिवशीचं? तुला आधी काय वाटलं होतं? हा आकडा कुठून कुठपर्यंत मोजलास? तिसरा प्रश्न जरूर विचारा, कारण त्यावर तिला पट्टी आणून दाखवावं लागेल आणि दाखवता दाखवता ती बोलू लागेल. वहीत चुकलेला अंदाज दिसला तर तो दुरुस्त करू नका. शुद्धलेखनाच्या चुकाही त्या पानावर राहू द्या, त्यांच्यासाठी वेगळा तास असतो. आणि घरात घेवड्याचे दाणे असतील तर तिला बरणी लावायला सांगा, पण कृती तुम्ही सांगू नका. तिला ती माहीत आहे.